काळी चार

मिशन शाळेच्या हॉलात, पियानोच्या अंगाला, पडद्याआड
स्टुलावर मी बसलो होतो.
वरचं झाकण उघडं. हात पियानोच्या पोटात.

मी गफूर पेटीवाला, जालना, कादराबाद.
भजनी मंडळांच्या, कव्वालांच्या, एका बुडालेल्या नाटक कंपनीच्या
पेट्यांचे भाते शिवण्यात उमर गेली.
पियानो म्हणजे भिंतीला पाठ लावून उभी राहिलेली पेटी,
असंच समजत होतो, खोलून बघेपर्यंत.

आत उंदरांनी संसार थाटलेला.
सतरा हातोड्यांचा नमदा कुरतडलेला.
सोळांना बाजारातला लावला.
सतरावीला, मंद्रातल्या काळी चारला, पुरला नाही,
म्हणून अब्बाच्या लोकरी टोपीचा काठ कापून डकवला.
तेव्हापासून तिचा हट्ट:
दाबली की वाजते, पण
परत यायचं नाव नाही.

एस्तेर खरात हसली. याच शाळेची बोर्डिंगातली पोर,
बाप मिशन दवाखान्यात कंपाउंडर.
म्हणली, चाचा, तिला मागं ओढायला तुम्हीच बसा.

चेलोवाला निरंजन वाघमोडे परभणीहून एसटीनं आला.
कंडक्टरनं खोक्याची उंची हातानं मोजली
आणि अर्धं तिकीट फाडलं.
"खिडकीशी बसवलं तर रडत नाही," हा म्हणला.
खोकं उघडल्यावर खरंच
लेकरासारखं घेतलं त्यानं गुडघ्यांत,
मान खांद्याला टेकवून.

समोर बियाणं कंपनीचे दोन मॅनेजर, सळयांच्या कारखान्याचे शेठ,
ड्यूटी उतरून आलेल्या नर्स,
निळ्या रिबिनींच्या मुली,
आणि एक भजनी बुवा, मांडीवर बोट आपटत
सम शोधणारे, आणि सापडेना म्हणून
दर वेळी शेजाऱ्याकडे बघणारे.
मधल्या थांब्याला टाळ्या पडल्या.
तिथं वाजवायच्या नसतात म्हणे.
निरंजननं गज खाली घेतला, मान तुकवली.

आवाज कसा, तर सारंगीच्या थोरल्या भावाचा,
उन्हातनं फार चालून आलेल्या.

पण माझं ध्यान कामात.
काळी चार आली, टिचकी. आली, टिचकी.
चाळीस झाल्या, पन्नास, मग मोजणं सुटलं.
टोपीची लोकर बोटाला लागायची
आणि वाटायचं, हिला अजून खोबरेल आहे.

शेवटच्या तुकड्यात एस्तेरचा डावा हात हळूहळू खाली उतरत आला
आणि मी, काय सांगू,
ऐकत बसलो.
टिचकी चुकली.
काळी चार खाली गेली ती गेलीच.
पुढच्या खेपेला बोट नेलं तर वर पट्टीच नाही,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तशी तिची करंगळी पोकळीत गेली.

निरंजनच्या कागदावर तिथं काही नव्हतं,
मागाहून त्यानंच दाखवलं, कोरी जागा.
तरी गज तारेवर टेकला
आणि कोमल धैवत लागला.
तेवढाच एक. गज पुरला तेवढा.
एस्तेरनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.
ती जागा पुन्हा आली तेव्हा मात्र
तिनं हातच नेला नाही,
कडी न लावता दार नुसतं लोटावं तसं केलं,
आणि तो आत आला.

मला आत हात घालून पट्टी सोडवता आली असती.
नाही सोडवली.
बुवांचं बोट मांडीवर पडलं.
या वेळी त्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं नाही.

मेट्रननं पाकीट दिलं, आठशे रुपये.
पट्टी अजून खालीच आहे, सोमवारी जाईन, बघीन.
रात्री स्टँडवर सोडायला गेलो.
परभणी गाडीचा कंडक्टर वेगळा होता.
खोक्याभोवती एक चक्कर मारून
त्यानं पूर्ण तिकीट फाडलं.
निरंजननं हुज्जत घातली नाही.